पटकथा स्पर्धेला पाठवायचीय, पण आधी ती पटकथा झालीय का ते बघूया

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबत दिलेली पहिली चार पानंही वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या, हायस्कुलात मराठी शिकवतात, गावच्या जत्रेसाठी दोन नाटकं लिहून झालीत आणि आता पहिल्यांदाच सिनेमाची पटकथा लिहिलीय, ११८ पानं. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हाच्या एका ट्रकवाल्याच्या घराची गोष्ट आहे. एका फिल्म फेस्टिव्हलच्या पटकथा स्पर्धेला पाठवायचीय, फी पंधराशे रुपये, मुदतीला तीन आठवडे उरलेत. विचारलंय ते असं, की कथा चोरीला जाईल का, इंग्लिश करून पाठवू का, घरातली माणसं कोंकणीत बोलू देत की मराठीत, आणि समजा जिंकले तर सिनेमा होतो का.

माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून आधी मी कोण ते सांगतो. मी फोंड्याकडचा, दिवसा पणजीत पाटोला एका ऑफिसात नोकरी. सुरुवात तुमच्यासारखीच उत्सवी नाटकातून, मग कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत आमच्या मंडळाकडून दोन-तीनदा, मग शॉर्टफिल्म. आजवर अकरा पटकथा स्पर्धांना प्रवेशिका पाठवल्या, दोनदा शेवटच्या यादीत आलो, एकदा दुसरं बक्षीस मिळालं, बाकी आठ वेळा नुसता आभाराचा ईमेल. आणि तीन वर्षं दोन वेगवेगळ्या स्पर्धांसाठी पहिल्या फेरीचा वाचक म्हणून काम केलंय. खरं सांगायचं तर लिहून जेवढं शिकलो त्यापेक्षा जास्त त्या वाचनातून शिकलो.

आता, तुमच्या चार प्रश्नांपैकी दोन प्रश्न पाठवून झाल्यानंतरचे आहेत. चोरी, जिंकणं, सिनेमा होणं, हे सगळं कोणीतरी ती ११८ पानं शेवटपर्यंत वाचली तरच. तुमची चार पानं वाचून मला वाटतं की खरी अडचण दुसरीच आहे आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही. तुमच्याकडे गोष्ट फार चांगली आहे, पण लिहिलंय ते नाटक आहे, फक्त वर सीन नंबर घातलेत. राग मानू नका, माझ्या पहिल्या तीन पटकथा ह्याच रोगाने गेल्या.

हे आपल्याकडेच जास्त का होतं ते बघा. आपण शिकलो देवळाच्या मांडवात. मधोमध माइक लोंबतोय, नट बोलायला त्याच्याखाली येऊन उभा राहणार, मागच्या रांगेत पोरं रडतायत, बाहेर खाज्याच्या दुकानावर गर्दी, रात्रीचा एक वाजलाय. तिथे प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावीच लागते, तरच ती शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचते. म्हणून आपला हात तसाच वळलाय. 'अहो, आज दोन महिने झाले खाण बंद होऊन, बँकेचा हप्ता थकला, पोराची फी भरायची आहे, आणि तुम्ही असे पडवीत बसून!' हे तुमच्या पहिल्या पानावरचं वाक्य. मांडवात ह्याला टाळी आहे. सिनेमात मात्र नवरा-बायको दोघांनाही हे माहीत असताना ती हे कोणाला सांगतेय, असा प्रश्न पडतो आणि उत्तर मिळतं, प्रेक्षकाला. वाचकाला तिथे लेखक दिसतो, बाई दिसत नाही.

गंमत अशी की उपाय तुमच्याच चौथ्या पानावर पडलाय, तुम्हीच लिहिलाय आणि ओलांडून पुढे गेलात. दारात उभ्या असलेल्या टिपरच्या (मागचा हौदा वर उचलून माल ओततो तो ट्रक) हौद्यात बायकोने सोलां, म्हणजे कोकमाची सालं, वाळत घातलीत, असं एका ओळीत आहे. अहो, हाच तर सिनेमा! मी काय केलं असतं ते लिहून दाखवतो, असंच करा असं नाही, फक्त हात कसा फिरतो ते बघा.

'बाहेर. अंगण. सकाळ. लाल मातीने रंगलेला टिपर. मागच्या हौद्यात जुन्या साडीवर कोकमाची सोलं पसरलीत. चाळिशीचा माणूस (रामा) केबिनचं दार उघडतो, चढत नाही, घराकडे बघतो. आतून बाईचा आवाज: आदीं सोलां काड रे! बारा वर्षांचा मुलगा धावत येतो, चाकावर पाय देऊन वर चढतो, साडीची चार टोकं धरून गाठोडं खाली देतो. रामा इंजिन चालू करतो. कान देऊन ऐकतो. लिव्हर ओढतो. हौदा हळूहळू वर जातो, रिकामा. कोपऱ्यात राहिलेली दोन मूठ लाल माती घसरून खाली पडते. रामा ती बघतो. हौदा खाली. इंजिन बंद. मुलगा पुन्हा वर चढून साडी पसरायला लागतो.'

ह्यात खाण बंद असल्याचं कोणी बोललं नाही, पण कळलं. ट्रक महिनोन्महिने हललेला नाही, तरी तो अजून हायड्रॉलिक जॅम होऊ नये म्हणून चालवून बघतो म्हणजे त्याला आशा आहे, हे कळलं. बायकोने तो ट्रक आधीच सोलं वाळवायची जागा करून टाकलाय म्हणजे तिने आशा सोडलीय, तेही कळलं. पोरगं मधे. तुमच्या तीन पानांच्या भांडणात जे होतं ते अर्ध्या पानात आलं, आणि वाचणारा पुढच्या पानावर गेला कारण त्याला आता त्या ट्रकचं काय होणार ते बघायचंय. भांडण ठेवा की, पण पान २० नंतर, आणि तेव्हा भांडू देत सोलांवरून.

पहिल्या फेरीत होतं काय ते सांगतो म्हणजे पहिल्या पानांचा मी एवढा आग्रह का धरतोय ते कळेल. शेवटच्या वर्षी माझ्याकडे साठेक पटकथा आल्या, तीन आठवड्यांत वाचून गुण द्यायचे. नोकरी सांभाळून, रात्री जेवण झाल्यावर, लॅपटॉपवर. मानधन होतं, पण त्यात बांगड्याचा भाव बघता घरचा आठवड्याचा बाजारही निघाला नसता. गुणपत्रिकेत कल्पना, पात्रं, रचना, संवाद आणि एक 'एकूण ठसा' म्हणून रकाना. मी सगळ्या शेवटपर्यंत वाचल्या, शपथेवर सांगतो, पण बाराव्या पानापर्यंत माझं मत झालेलं असायचं आणि नंतर ते बदललं असं फार तर चार-पाच वेळा. सगळेच वाचक असे असतात असं म्हणणार नाही, काही जण जास्त दयाळू असतील. पण तुमची फाइल त्या रात्रीची तिसरी असू शकते एवढं धरून लिहा.

लॉगलाइनचंही, म्हणजे एका वाक्यातल्या कथेचंही, तेच. तुम्ही लिहिलंय, 'खाणपट्ट्यातील एका कुटुंबाच्या जगण्याच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कहाणी.' हे कुठल्याही कुटुंबाला चालेल, आणि हृदयस्पर्शी आहे की नाही ते वाचणाऱ्याला ठरवू द्या. मी अशी लिहीन: 'खाणी बंद पडल्यावर दारात अडकलेला ट्रक पुन्हा चालेल म्हणून नवरा रोज धुतो, आणि बँक ओढून न्यायच्या आत तो विकून टाकायला बायको त्याच्या नकळत गिऱ्हाईक शोधते.' आता दोन माणसं आहेत, एक वस्तू आहे, मुदत आहे आणि घरात लपवाछपवी आहे. तुमच्या कथेत बायको खरंच गिऱ्हाईक शोधते का ते मला माहीत नाही, चार पानांत तेवढं आलेलं नाही, पण शोधत नसेल तर विचार करून बघा.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कथेच्या सारांशात, शेवट लिहा. दर वर्षी दहाएक जण तरी शेवटी लिहितात, 'पुढे काय घडते ते पडद्यावरच पाहणे उचित.' अहो, वाचकाला तिकीट विकायचं नाहीये. त्याला बघायचंय की तुम्हाला शेवट सापडलाय का.

आता लांबी. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशोब इंग्लिश पटकथेचा, कुरियर फाँट १२ पॉइंटमध्ये, ठरलेल्या मार्जिनमध्ये. देवनागरीत तो तसाच्या तसा लागू पडत नाही, फाँट आणि ओळींमधलं अंतर जरा बदललं की ११८ ची १०० होतात नाहीतर १३५. म्हणून पानं मोजू नका, घड्याळ लावून वाचा, वर्णनाच्या ओळींसकट, जिथे माणूस चालत जातो तिथे तेवढा वेळ थांबून. आणि एकट्याने नको. तुमच्याकडे गावचं नाट्यमंडळ आहे, ही चैन मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या लेखकाला नाही. चार जणांना संध्याकाळी बोलवा, चहा-भजी करा, एकाला फक्त वर्णन वाचायला बसवा (हा माणूस आवाजी नट नको, सरळ वाचणारा हवा, नाहीतर तो त्यातही अभिनय करतो) आणि बाकीच्यांत पात्रं वाटा. तुम्ही वाचू नका. तुम्ही बसून फक्त बघायचं की कुठल्या पानावर कोण फोन काढतोय, आणि तिथे पेन्सिलीने खूण करायची. माझ्या एका पटकथेत चौघांनीही एकाच पानावर फोन काढला, सरपंचाच्या भाषणाचं पान होतं, आणि मला ते भाषण फार आवडायचं. गेलं.

भाषेचा प्रश्न तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि ह्याचं एक उत्तर नाही. आपल्याकडची घरं तुम्हाला माहीतच आहेत, बोलणं कोंकणीत, सकाळचा पेपर मराठी, आरती मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, आणि पोराला ओरडताना मधेच इंग्लिश. तेव्हा तुमचा ट्रकवाला घरात पुस्तकी मराठी बोलला तर डिचोलीतला माणूस हसेल, आणि पूर्ण कोंकणी बोलला तर पुण्यातला परीक्षक अडेल. आधी नियमावलीत बघा पटकथा कुठल्या भाषेत चालते. फक्त मराठी चालत असेल तर संवाद मराठीत लिहा आणि पहिल्या पानावर एक ओळ टाका, 'घरातील संवाद प्रत्यक्षात कोंकणीत, वाचनासाठी मराठीत दिले आहेत.' मग दहा-बारा ठिकाणी मूळ कोंकणी वाक्य तसंच ठेवा, जिथे कृतीवरून अर्थ लागतो तिथे, वरच्या सीनमध्ये 'आदीं सोलां काड रे' ठेवलं तसं. पोरगं धावत येऊन सोलं काढतं म्हटल्यावर कोणाला भाषांतर लागत नाही. आणि मराठीत लिहाल तेव्हाही 'अगं बाई, इश्श' असलं सदाशिव पेठी मराठी त्या बायकोच्या तोंडी घालू नका, तुमच्या दुसऱ्या पानावर एकदा आलंय.

इंग्लिशचं म्हणाल तर नियमात मागितलं नसेल तर अजिबात नको. बाहेरच्या फेस्टिव्हलना आणि बऱ्याच लॅबना (पटकथा सुधारून घेणाऱ्या कार्यशाळांना) इंग्लिश लागतं, तिथे वेगळं. पण मशीनला घालून भाषांतर केलेली पटकथा मी वाचलीय, तीत 'वहिनी'ची 'सिस्टर-इन-लॉ' झालेली, प्रत्येक हाकेला, नव्वद पानं. तेव्हा इंग्लिश करायची वेळ आलीच तर वर्णन आणि कृती इंग्लिशमध्ये, हाका आणि नाती आहेत तशी, आणि ते दोन्ही भाषांत वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं. तीन आठवड्यांत हे होत नाही.

चोरी. ही भीती सगळ्यांना असते, मलाही होती, पहिली पटकथा मी दोन वर्षं कोणाला दाखवलीच नव्हती, आणि आज वाचतो तेव्हा वाटतं बरं झालं. कायदा असा आहे की तुम्ही लिहिलं त्या क्षणापासून कॉपीराइट तुमचाच, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण उद्या वाद झाला तर ते पुरावा म्हणून उपयोगी पडतं. कॉपीराइट ऑफिसच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज होतो, साहित्यकृतीला फी ५०० रुपये. अर्ज केल्यावर डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे तुमच्या मुदतीच्या आत सर्टिफिकेट हातात येणार नाही, पण डायरी नंबर येईल, तो नोंदवून ठेवा. दुसरा रस्ता मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा, सभासद झालात की तिथे ऑनलाइन स्क्रिप्ट रजिस्टर करता येते. तो अमुक तारखेला हे लिखाण तुमच्याकडे होतं ह्याचा पुरावा, आणि इंडस्ट्रीत तो लगेच ओळखतात. ते स्वतःलाच पोस्टाने पाकीट पाठवून न उघडता ठेवायचं म्हणतात ना, त्याच्या भरवशावर राहू नका.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की असू दे. विचाराला कॉपीराइट नसतो, मांडणीला असतो. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स ह्या खटल्यात हेच सांगितलं, आणि त्यात दाद मागणारा माणूस नाटककारच होता, माझ्या नाटकावरून सिनेमा केला म्हणत होता, हरला. तेव्हा 'खाण बंद झाल्यावरचं ट्रकवाल्याचं घर' हा विषय तुमच्या मालकीचा होऊ शकत नाही, खाणपट्ट्यात अजून दहा जण ह्याच विषयावर लिहीत असतील. पण हौद्यातली सोलं, ती साडीची चार टोकं, ती घसरणारी माती, हे नेमकं लिहिलेलं तुमचं. म्हणून बारकाव्यात लिहा असं मी म्हणतो ते फक्त कलेसाठी नाही, कोर्टासाठीही तेच बरं.

चोरापेक्षा मला नियमावलीची जास्त भीती वाटते. नियम पूर्ण वाचा, शेवटच्या पानापर्यंत. एका स्पर्धेच्या शेवटून दुसऱ्या कलमात मला सापडलं होतं, 'सादर झालेल्या सर्व पटकथांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.' सर्व पटकथांचे! म्हणजे हरलेल्यांचेसुद्धा, वर फी आपणच भरायची. मी ईमेल करून विचारलं तर उत्तर आलं, ते फक्त फॉर्मॅलिटी म्हणून आहे. फॉर्मॅलिटीच असेल तर काढून टाका म्हटलं, त्यावर उत्तर आलं नाही, मी पाठवली नाही. योग्य नियम कसा असतो, तर विजेत्या पटकथेबद्दल ठरावीक महिने आयोजकांना पहिली संधी, त्यानंतर लेखक मोकळा, आणि हक्क लेखकाकडेच. हक्क द्यायची वेळ आलीच तर लेखी करार होतो, त्यात किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं हवं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, म्हणजे लेखकासाठी अगदीच अंधार नाही, पण 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात' असं लिहिलेल्या कागदावर सही केलीत तर मग हे कलमही वाचवायला येत नाही.

पंधराशे फी भरावी का, हे तुमच्या खिशावर आहे. मी वर्षाला एक रक्कम ठरवतो, बुडाली तरी चालेल अशी, आणि ती संपली की कितीही छान स्पर्धा दिसली तरी थांबतो. हल्ली फिल्मफ्रीवेसारख्या साइटवर जगभरच्या स्पर्धा एका जागी दिसतात, लवकर भरली तर फी कमी, शेवटच्या आठवड्यात जास्त, आणि त्यात दर महिन्याला 'विजेते' जाहीर करणारे काही फेस्टिव्हल असतात ज्यांचं थिएटर कुठेच नसतं, फक्त पोस्टरवर लावायचं ते लॉरेल, म्हणजे झाडाच्या पानांच्या माळेचं चित्र, ईमेलने येतं. माझ्याकडे एक आहे तसलं, बायको त्याला तुळशीमाळ म्हणते. पैसे भरायच्या आधी एवढं बघायचं की गेल्या वर्षीच्या विजेत्यांची नावं जाहीर आहेत का, परीक्षक कोण, आणि हरलेल्यांना वाचकाचा अभिप्राय मिळतो का. अभिप्राय मिळत असेल तर पहिल्या पटकथेला माझ्या मते बक्षिसापेक्षा तेच मोलाचं, त्यासाठी थोडी जास्त फी असली तरी मी भरतो.

जिंकलं तर सिनेमा होतो का, तर सहसा नाही. पैसे मिळतात, सर्टिफिकेट, कधी मेंटरसोबत आठवडाभराची लॅब, आणि पुढच्या वेळी कोणाला ईमेल करताना वर लिहायला एक ओळ. त्या ओळीची किंमत कमी नाही, पण निर्माता वेगळाच शोधावा लागतो. इथे आपल्याला एक सोय आहे जी फार लोक वापरत नाहीत. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्याकडे आहे, नोव्हेंबरात अख्खी पणजी कार्ड गळ्यात घालून फिरते, आणि आपण आयनॉक्सच्या रांगेत उभे राहून परदेशी सिनेमे बघतो आणि घरी येतो. त्याच दिवसांत एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार भरतो, २००७ पासून, आता त्याला वेव्हज फिल्म बाजार म्हणतात. लिहून झालेली स्क्रिप्ट घेऊन निर्मात्यांना भेटायची जागा ती, पण तिथे इफ्फीच्या डेलिगेट कार्डावर आत सोडत नाहीत, वेगळी नोंदणी आणि वेगळी फी लागते. एनएफडीसीची स्क्रीनरायटर्स लॅबही आहे, ती स्पर्धेपेक्षा वेगळी, तिथे निवड झाली की बक्षीस नाही, मेंटर बसवून तुमचीच पटकथा तुमच्याकडून पुन्हा लिहून घेतात. तुमच्या ह्या गोष्टीला मला तीच जागा जास्त योग्य वाटते, यंदा नाही, दुसरा ड्राफ्ट झाल्यावर. इफ्फीतला तो ४८ तासांत फिल्म करायचा तरुणांचा उपक्रम तुम्हाला कोणीतरी सुचवेल, पण त्याला ३५ वर्षांची अट आहे आणि तुम्ही ४४ लिहिलंय.

मग यंदा पाठवायची की नाही? माझं मत, पाठवा, पण अशी नाही. तीन आठवड्यांत ११८ पानं नव्याने लिहून होणार नाहीत, शाळा सांभाळून तर नाहीच. पहिली १५ पानं नव्याने लिहा. उरलेल्यात फक्त कात्री चालवा, जिथे एक पात्र दुसऱ्याला त्याला माहीत असलेलंच सांगतंय ती प्रत्येक ओळ काढा, पंधरा-वीस पानं अशीच जातील. मंडळाकडून एक वाचन करून घ्या. एवढं मुदतीच्या चार दिवस आधी झालं नाही तर पंधराशे वाचवा आणि पुढच्या वर्षी बघा, काही स्पर्धांत तीच पटकथा परत पाठवता येत नाही, उगाच एक दार जाळून टाकू नका.

बाकी किरकोळ. कॅमेरा झूम, क्लोजअप, क्रेन शॉट असलं लिहू नका, तुम्ही तिसऱ्या पानावर ड्रोनसुद्धा उडवलाय. प्रत्येक सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, कुठे, दिवस की रात्र, एवढं पुरे. ओळखीचं सिनेमाचं गाणं रेडिओवर वाजतंय असं लिहिताना त्या गाण्यावर कथा अडकवू नका, हक्क मिळाले नाहीत तर सीनच कोसळतो. तुमचं नाव कव्हरवर चालतं का ते बघा, बऱ्याच ठिकाणी वाचकाला लेखक कळू देत नाहीत आणि फाइलच्या नावात आडनाव असलं तरी प्रवेशिका बाद होते.

आणि फाँट. माझी दुसरी प्रवेशिका मी डीटीपीवाल्या मित्राच्या कॉम्प्युटरवर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली, वर्डची फाइल तशीच पाठवली. त्याच्याकडे सुंदर दिसत होती. दोन महिन्यांनी आयोजकांकडून ईमेल आला, 'आपली पटकथा कोणत्या भाषेत आहे ते कृपया कळवावे.' वाचकाकडे तो फाँट नव्हता, त्याला ९४ पानं इंग्लिश अक्षरं आणि टिंबं दिसली, मुदत गेलेली, विषय संपला. तेव्हा युनिकोडमध्येच टाइप करा, साध्या गुगल डॉक्समध्ये केलंत तरी चालतं, मी तेच करतो, कारण पटकथेची काही सॉफ्टवेअरं मराठीच्या मात्रा आणि जोडाक्षरं वाटेल तशी फेकतात. पीडीएफ करा, फाँट एम्बेड झालाय, म्हणजे फाइलच्या आतच बसलाय, ते बघा, आणि पाठवायच्या आदल्या दिवशी ती पीडीएफ तुमच्या लॅपटॉपवर नको, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आईच्या साध्या फोनवर उघडून बघा. 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'कैऱ्या' हे शब्द शोधा, फाइल बिघडली असेल तर आधी तिथेच तुटते. ते नीट दिसले तर पाठवा.